एकतीस सलामांचं सायप्रस

बदरुद्दीन परकारांना सायप्रसला जायचं होतं ते निव्वळ बघायला, आणि तिथेच सगळं बिनसलं. १९६२ साली कुवेतमधल्या फहाहीलच्या कोकणी वस्तीत माणसं प्रवास करत नव्हती असं नाही. लग्नाला गावी जात, डोळे दाखवायला मुंबईला जात, जमेल तेव्हा हजला जात. पण पडके खांब आणि जुने तट बघायला समुद्रातल्या बेटावर जाणारा माणूस दाभोळच्या खाडीने आजवर पैदा केला नव्हता. तो मान आपला आहे, असं परकारांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

परकार अहमदीच्या तेल कंपनीत स्टोअर्सचे हेडक्लार्क. गोदामातल्या प्रत्येक नटाला, बोल्टाला आणि वॉशरला एक कार्ड असे, आणि ती सगळी कार्डं परकारांच्या अक्षरात असत. ज्याला कार्ड नाही ती वस्तू गोदामात नाही, मग भले तिला अडखळून साहेबाचा पाय मुरगळू दे. अकरा वर्षं हे काम केल्यावर माणसाला जगाकडे बघायची एक सवय लागते. परकार कुठलीही गोष्ट बघण्याआधी तिचं नाव सांगून मोकळे होत, आणि एकदा नाव सांगितलं की ते बदलायचा रिवाज त्यांच्या खात्यात नव्हता. घरीदारी सगळे कोकणी बोलत असताना ते एकटे छापील मराठी बोलत. बायको नूरबानू तीन वर्षांपूर्वी गावाहून आली तेव्हा तिने पहिले आठ दिवस हे कुणाचं तरी भाषण पाठ करतायत असं समजून घालवले.

सायप्रसच्या मुळाशी होतं मंडळाचं अध्यक्षपद. कोकण हितवर्धक मंडळ म्हणजे फहाहीलच्या बाजारामागे एक खोली, दोन कपाटं आणि एक चटई. एका कपाटात पुस्तकं होती आणि दुसऱ्याची चावी हरवली होती. जुने अध्यक्ष कायमचे गावी गेले आणि त्या चटईवर मधोमध कोण बसणार हा प्रश्न उभा राहिला. एक उमेदवार परकार. दुसरा जाफर सोलकर, कंपनीच्या मेसमधला मुख्य वाढपी, शिक्षण चौथी. जाफरची लायकी एवढीच, की वस्तीतल्या प्रत्येक लग्नाला आणि मौतीला भात तो शिजवी आणि तो कधी चिकट झाला नव्हता. अशा माणसाच्या हाताखाली सभासद म्हणून बसावं लागेल, या कल्पनेनेच परकारांना जेवण जाईनासं झालं. खुर्ची त्यांना हवी होती, फार हवी होती, आणि चारचौघांनी ती ज्ञानासाठी द्यावी असं त्यांना मनापासून वाटत होतं.

म्हणून त्यांनी जाहीर केलं की आपण सायप्रसला जाऊन येऊ आणि 'भूमध्य समुद्रातील एका द्वीपाचे ऐतिहासिक वैभव' या विषयावर, फोटोंच्या रंगीत काचा पडद्यावर दाखवत, व्याख्यान देऊ. निवडणूक त्यानंतर. नूरबानूला बरोबर न्यायचं ठरलं, कारण दगडांच्या शेजारी कुणीतरी उभं असल्याशिवाय त्यांची उंची कळत नाही.

त्या काळी आपल्या पासपोर्टावर ज्या देशांची नावं लिहिलेली असत तेवढ्याच देशांत जाता येई. परकारांच्या पासपोर्टावर सायप्रस नव्हतं. ते लिहून घ्यायला ते कुवेत शहरातल्या आपल्या सरकारी कचेरीत गेले. दोन तास उभं राहिल्यावर खिडकी उघडली. आतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"जाण्याचं कारण?" त्याने विचारलं.

"अवलोकन," परकार म्हणाले.

"म्हणजे?"

"बघणे."

"बघून काय करणार?"

"ज्ञानात भर पडेल."

कारकुनाने अर्ज त्यांच्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. नोकरी, व्यापार, औषधोपचार, तीर्थयात्रा, शिक्षण. "यात बसवा. शिक्षण म्हणत असाल तर कॉलेजचं पत्र लागेल."

परकारांचं वय सेहेचाळीस. त्यांनी कारकुनाला ऐतिहासिक वास्तूंचं महत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली, आणि कारकुनाने खिडकी अर्धी लावून घेतली. मागच्या रांगेतून लोक हुंकारू लागले. शेवटी परकारांनी काखेतलं इंग्रजी माहितीपुस्तक उघडलं. ते एका साहेबाने जाताना टाकून दिलेलं, लढाईच्या आधीचं पुस्तक, पण परकारांनी ते तीनदा लाल पेन्सिलीने वाचलं होतं. त्यातून त्यांनी वाचून दाखवलं की लार्नाका गावाबाहेर खाऱ्या तळ्याकाठी उम्मे हराम या पैगंबरांच्या काळातल्या थोर बीबीची मजार आहे.

"मग ते सांगा ना," कारकून म्हणाला, आणि तीर्थयात्रेवर खूण करून शिक्का मारला. पुढे कंपनीच्या सुट्टीच्या कागदावर, अरबी दफ्तरात, विमानाच्या कचेरीत, जिथे जिथे तो शिक्का दिसला तिथे तिथे माणसं उठून उभी राहिली आणि आमच्यासाठीही दुआ करा म्हणाली. इतकी कामं इतक्या झटपट झालेली पाहून परकारांना मनस्वी दुःख झालं. ज्ञानासाठी अर्धी खिडकी आणि खोट्यासाठी दरबार, असं त्यांनी नूरबानूला ऐकवलं.

त्या रांगेत त्यांच्या मागे शेजारचा हुसेन मुकादम उभा होता, मीना अल-अहमदी बंदरातल्या टगबोटीवरचा सारंग. मुलाचा जन्म नोंदवायला आला होता. त्याने सगळं ऐकलं आणि परकार बसने घरी पोचायच्या आत वस्तीत बातमी पोचली.

परकार दारात आले तर ओट्यावर चपलांचा ढीग. आत हुसेनची सासू खतिजाखाला मधोमध बसलेली. सत्तरीच्या घरातली बाई, वस्तीत तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"बदरू, तू बीबीच्या मजारीवर चाललास आनि आमाला बोललासपन नाय?" ती म्हणाली.

"खाला, मी ऐतिहासिक अवशेषांच्या अभ्यासार्थ चाललो आहे."

"तां पन कर. येताजाता कर. माजा सलाम पयला सांग. आनि ह्या गुडघ्याचा सांग, जिना चढवत नाय म्हनून."

जियारतीला, म्हणजे मजारीच्या दर्शनाला, निघालेल्या माणसापाशी सलाम द्यायचा हा कोकणातला जुना रिवाज. सलाम म्हणजे अमानत. घेतला की तो मजारीपाशी उभं राहून, त्या माणसाचं नाव घेऊन पोचवायचा. न पोचवता परत येणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र खिशात ठेवून फिरणं. असे एकतीस सलाम जमले. नूरबानूने वहीच्या पानावर नावं लिहून घेतली आणि प्रत्येकापुढे त्याचं मागणं लिहिलं. हुसेनला बोटीवरून काढून किनाऱ्यावर टाकणार होते, ते टळावं. हुसेनच्या बायकोला, ताहिराला, भावाचं आठ महिने पत्र नव्हतं. कुणाला क्वार्टर हवं, कुणाला मुलगा.

सलामांबरोबर सामान आलं. जरीकाठाच्या तीन हिरव्या चादरी, मन्नतीच्या धाग्यांचं बंडल, अगरबत्त्या, गुलाबपाणी, मलिद्याचा डबा. जाफर सोलकर स्वतः येऊन सुक्या सोड्यांची पिशवी देऊन गेला. "भाबी, बेटावर मासळी चांगली नसते," तो नूरबानूला म्हणाला. बेटावर मासळी चांगली नसते हे जाफरला कुणी सांगितलं, हे विचारायची परकारांना शरम वाटली. प्रतिस्पर्ध्याच्या अज्ञानाची अशी पावती मिळाल्यावर ते जरा खुशीत आले आणि पिशवी बॅगेत जाऊ दिली.

बैरूतला विमान बदलून दोघं निकोसियाला उतरली आणि कस्टमवाल्याने बॅग उघडली. पहिल्यांदा वास बाहेर आला, मग सोडे. कस्टमवाल्याने एक सोडा चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि आणखी दोघांना बोलावलं. तिघांनी पाहिला. मग हिरव्या चादरी निघाल्या.

"विकायला आणल्या आहेत?" त्याने इंग्रजीत विचारलं.

परकारांनी चादर म्हणजे काय, ती कशावर घालतात आणि आपला त्याच्याशी व्यक्तिशः कसा संबंध नाही हे सविस्तर सांगितलं. कस्टमवाल्याने शांतपणे कागदावर 'टेबलक्लॉथ, तीन नग' असं लिहिलं आणि सही मागितली. अकरा वर्षं दुसऱ्याच्या मालाला नावं देणाऱ्या माणसाला आपल्या मालाला दुसऱ्याने दिलेल्या नावाखाली सही करावी लागली. सोडे जप्त झाले, आणि वास बॅगेत राहिला.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी ठरवली. ड्रायव्हर पन्नाशीचा ग्रीक, जाड मिशांचा, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा आणि दुर्दैवाने मदत करायला उत्सुक. तो जे सांगे ते परकारांच्या पुस्तकात आधीच होतं, आणि जे पुस्तकात नव्हतं ते परकारांच्या मते खरं नव्हतं. फामागुस्ताला त्याने एका प्रचंड दगडी इमारतीसमोर गाडी उभी केली. टोकदार कमानी, नक्षीच्या खिडक्या, पुढे दोन मोडके बुरूज.

"मशीद," ड्रायव्हर म्हणाला. "तुमची मशीद."

परकार हसले. "हा आपल्याला खेडवळ समजतो," ते नूरबानूला म्हणाले. "हे उघडउघड चर्च आहे. बघ त्या कमानी."

"अवो, वर मिनार दिसतोय बारीकसा," नूरबानू म्हणाली. "आनि तो मानूस नळावर वजू करतोय."

"पाय धुतो आहे. ख्रिस्ती लोकही पाय धुतात."

ती इमारत चारशे वर्षांपूर्वी चर्चची मशीद झाली होती आणि परकारांच्या पुस्तकात ते दोन पानं भरून होतं. पण ती पानं होती 'मशिदी' या प्रकरणात, आणि परकार तिथे उभं राहून 'चर्चे' हे प्रकरण चाळत होते. तिथे काही न सापडल्यामुळे इमारत फारशी महत्त्वाची नाही असं त्यांनी ठरवलं. आत न जाता बाहेरून एक फोटो काढला. जोहरची, दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती, बांगही झाली, पण तेव्हा परकार नूरबानूला बुरुजाच्या उंचीसाठी डावीकडे सरकायला सांगत होते.

मग सालामिस. मैलभर पसरलेलं जुनं शहर, संगमरवरी खांब आणि मुंडकी नसलेल्या पुतळ्यांची रांग. परकारांनी तिथे साडेतीन तास काढले. प्रत्येक खांबाशी नूरबानू एका हातात चादरींची पिशवी घेऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळचं परतीचं विमान होतं. दुपार कलल्यावर तिने विचारलं, "सलाम कंवा पोचवायचे?"

"ज्ञानाला घाई चालत नाही."

"ज्ञानाचा नाय इचारत. लोकांचे सलाम हायत आपल्यापाशी."

लार्नाकाच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा उन्हं उतरली होती. ड्रायव्हरने विचारलं, कुठे जायचं. आता इथे नुसतं बीबीचं नाव सांगितलं असतं, तळं सांगितलं असतं, तरी काम झालं असतं. ती मजार त्या बेटावर शेंबड्या पोराला ठाऊक. नूरबानू म्हणालीही, "नाव सांगा की त्याला."

"नाव सांगितलं तर त्याला वाटेल आपल्याला नावापलीकडे काही माहीत नाही," परकार म्हणाले, आणि त्यांनी ड्रायव्हरला वर्णन ऐकवलं. थोर, पवित्र स्त्री. प्राचीन थडगं. झाडं. पाणी. लोक नवस करतात. शेवटी, पुस्तकात नसलेली पण कोकणात प्रत्येक दर्ग्याला असणारी गोष्ट त्यांनी पदरची घातली, की झाडाला चिंध्या बांधतात.

ड्रायव्हरचा चेहरा उजळला. "माहीत आहे," तो म्हणाला. "माझी आई जाते." आणि लार्नाकाच्या अलीकडेच त्याने गाडी एका कच्च्या रस्त्याला वळवली.

समोर चुन्याने रंगवलेली घुमटी. शेजारी जुनं झाड आणि त्याच्या फांद्याफांद्यांवर हजारो चिंध्या, रुमाल, धागे. खाली जाणाऱ्या दगडी पायऱ्या, आत मिणमिणतं तेल आणि एका कुंडात गार पाणी. परकारांनी समाधानाने मान हलवली. वर्णनाबरहुकूम माल होता.

"घुमटीवर ता काय हाय?" नूरबानूने विचारलं.

घुमटीवर लोखंडी क्रूस होता. "वारा कुठून वाहतो ते दाखवण्याचं यंत्र," परकार म्हणाले. "बेटांवर असतं."

पायऱ्यांवरून एक म्हातारा वर आला. लांब काळा झगा, छातीवर पांढरी दाढी, डोक्यावर उंच काळी टोपी. परकारांनी त्याला वाकून सलाम केला आणि बायकोला हळूच सांगितलं, की हा तुर्की दर्वेश, उंच टोपी ही त्यांची खूण, पान चौऱ्याऐंशी. म्हाताऱ्याने दोघांच्या कपाळाकडे हात केला आणि त्यांना खाली नेलं. चपला काढलेल्या पाहून त्याला नवल वाटलेलं दिसलं. आत भिंतीवर काजळी धरलेलं चित्र होतं, बरंचसं चांदीच्या पत्र्याने मढवलेलं. नूरबानूने डोळे बारीक करून पाहिलं.

"बाईचा फोटो हाय. मांडीवर पोर हाय. दर्ग्यात फोटो?"

"ज्या तुर्की राणीने हे बांधलं तिचं चित्र. तुर्क लोक या बाबतीत आपल्याइतके कडक नाहीत."

नूरबानूने पदर पुढे ओढला, अगरबत्ती लावली आणि वहीचं पान काढलं. एकतीस नावं मोठ्याने वाचणं परकारांना आपल्या दर्जाचं वाटेना, म्हणून ते कोन साधून फोटो काढत राहिले. नूरबानूने पहिलं नाव घेतलं, खतिजाखालाचं, आणि सलाम सांगितला. म्हाताऱ्याने कान टवकारले. त्याच्याकडेही माणसं रोज नावांच्या याद्या घेऊन येत आणि तो ती नावं दुव्यासाठी वाचून दाखवी. त्याला या बाईची भाषा कळत नव्हती, पण ती काय करते आहे ते लगेच कळलं. दुसऱ्या नावापासून तोही तिच्यामागून ते नाव उच्चारू लागला आणि प्रत्येक नावापुढे आपल्या भाषेतले दोन शब्द जोडू लागला. हुसेन. ताहिरा. जाफर. दोघांनी एकतीस नावं पुरी केली. मग नूरबानूने चादरी दिल्या. म्हाताऱ्याने पहिली उलगडली, तिच्या जरीवरून हात फिरवला आणि जुन्या दगडावर ती अशी पसरली, की कुठे सुरकुती राहू दिली नाही. नूरबानूला रडू आलं. परकारांनी त्याचाही फोटो काढला.

परत आल्यावर पंधरा दिवसांत खतिजाखाला जिना चढून मंडळाच्या गच्चीवर जाऊन आली. हुसेनची बदली रद्द झाली. ताहिराच्या भावाचं पत्र आलं; तो धडधाकट होता, फक्त आळशी होता. वस्तीत परकारांची अशी काही बडदास्त सुरू झाली की पुसू नका. लोक रस्त्यात थांबवून त्यांचा हात हातात घेऊन डोळ्यांना लावत. परकार सालामिसच्या खांबांबद्दल बोलायला तोंड उघडत आणि समोरचा म्हणे, "आमच्या पोरासाठी दुआ करा." आपण जिथे विद्वान म्हणून जायचं ठरवलं होतं तिथून मुजावर होऊन परतलो, याचं परकारांना वैषम्य वाटे. पण निवडणूक तोंडावर होती आणि हात डोळ्यांना लावणारा प्रत्येक माणूस सभासद होता, म्हणून ते वैषम्य त्यांनी गिळलं.

फिल्म धुवायला विलायतेला पाठवली होती. सहा आठवड्यांनी काचांचा डबा आला. परकारांनी भिंग घेऊन एकेक काच खिडकीशी धरली. तेविसावी काच धरली आणि त्यांनी भिंग पुसून ती पुन्हा पाहिली. घुमटीवर क्रूस. दर्वेशाच्या छातीवर क्रूस. राणीच्या डोक्यामागे सोन्याचं वलय आणि मांडीवरच्या पोराच्याही. हिरवी चादर तेवढी आपली. त्यांनी पुस्तक उघडलं. पान एकसष्टवर खऱ्या मजारीचा फोटो होता, खजुरीच्या झाडांत, मिनारासकट, आणि त्याखाली त्यांचीच लाल पेन्सिल.

त्यांनी तेविसावी, चोविसावी आणि पंचविसावी काच काढली आणि टेबलाच्या खणात पावत्यांखाली ठेवून दिली. कार्ड नाही तर वस्तू नाही. नूरबानू चहा ठेवून गेली. तिने खणाकडे पाहिलं की नाही ते परकारांनी पाहिलं नाही.

व्याख्यान शुक्रवारी जुम्म्यानंतर ठेवलं. जूनचा महिना. उजेड नको म्हणून खिडक्यांवर ब्लँकेटं ठोकली, पडदा म्हणून भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि साठ माणसं त्या खोलीत शिजत बसली. काचा दाखवायचं यंत्र जाफरने मेसच्या मॅनेजरकडून मागून आणलं होतं. विरोधी उमेदवाराच्या यंत्रावर आपलं ज्ञान दाखवावं लागतं आहे हे परकारांना खुपलं, पण दुसरं यंत्र नव्हतं. काचा एकामागोमाग सरकवायला नूरबानू बसली.

परकारांनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून सुरुवात केली. चादरीवर पुतळ्यांची रांग आली.

"मुंडी कुनी नेली?" हुसेनने विचारलं.

"काळाने," परकार म्हणाले.

"सगळ्यांची?"

मग खांब आले. वीस मिनिटं खांब येत होते. मागे कुणीतरी विचारलं, की हे घर बांधून पुरं का केलं नाही. फामागुस्ताच्या 'चर्च'वर परकार पाच मिनिटं बोलले, आणि त्या चादरीवर मोठा झालेला मिनार साठ माणसांनी पाहिला. एकाने विचारलंही, चर्चला मिनार कसा. परकार म्हणाले, प्रश्न शेवटी.

"बदरू, खांब पुरे," खतिजाखाला म्हणाली. "बीबीची मजार दाव."

परकार या प्रश्नाची तयारी करून आले होते. "खाला, खेदाने सांगावं लागतं की आत अंधार होता. त्या काचा बिघडल्या. विलायतेहून तसं आलं आहे."

यंत्र खट्कन वाजलं आणि चादरीवर हिरवी चादर आली, तिच्यावर वाकलेला काळ्या झग्याचा म्हातारा आला, आणि त्याच्या छातीवर हातभर लांबीचा क्रूस आला. खोलीत यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. नूरबानूने पुढची काच सरकवली. घुमटी. मग त्यापुढची, चांदीतली बाई आणि तिचं पोर.

"ही तुर्की राणी," परकारांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"कसली रानी?" खतिजाखाला उठून चादरीपर्यंत गेली. तिची सावली चित्रावर पडली, म्हणून ती बाजूला झाली. "ही तर बीबी मरियम. ईसा पैगंबराची आय. बदरू, तू आमचे सलाम खय नेऊन दिलेस?"

परकारांनी घुमट आणि त्यांचे प्रकार यावर बोलायला सुरुवात केली. दर्वेशांच्या टोप्या, चिंध्या बांधण्याच्या चाली, ड्रायव्हरचा हलगर्जीपणा, सगळं त्यांनी क्रमाने मांडलं. त्यांचं आयुष्यातलं हे पहिलंच भाषण, जे साठच्या साठ माणसांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. ते संपलं तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि त्यांना भोकाड पसरून रडावंसं वाटत होतं. आज पहिल्यांदाच त्यांची थोडी दया येण्यासारखी होती.

"तुला तिथला मानूस इचारत होता ना, खय जायचां?" खालाने विचारलं.

"होय."

"मग नाव का नाय सांगितलास?"

याला त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते साठ माणसांत देण्यासारखं नव्हतं.

खतिजाखाला आपल्या जागी येऊन बसली. "बीबी मरियमच्या दारात सलाम गेले, ता काय वायट नाय झालां. माजा गुडघा तिनं बरा केलान, मी नाय म्हननार नाय. पन सलाम दिलेला दुसरीला. तो अजून आपल्याकडंच पडून हाय. एकतीस लोकांची अमानत. कुनीतरी परत जाया होवां. हिला शुक्रिया सांगाया, आनि तिची माफी मागाया."

माना हलल्या. मग हुसेन म्हणाला, की उकाडा फार आहे, तर अध्यक्षांचंही आताच उरकून घेऊ. आपलं मत जाफरभाईला. "वाढताना तो निदान इचारतो, कुनाला काय होवां." हात वर झाले. परकारांनी अंधारातही ते मोजले, कारण मोजणं त्यांच्या हातात नव्हतं, ते आपोआप होई. त्यांच्या बाजूने एकच हात होता, आणि तो जाफर सोलकरचा होता.

ब्लँकेटं निघाली. उजेडात सगळे डोळे चोळत उठले आणि बायका नूरबानूभोवती जमल्या. नवी यादी सुरू झाली होती. या खेपेला दोन रकाने होते.

घरी आल्यावर परकार टोपी न काढताच बसले आणि म्हणाले, "काचा तूच घातल्यास."

"मी घातल्या."

"माझी अब्रू गेली."

"गेली," नूरबानू म्हणाली. "माजा पन जीव तुटला बगताना. पन नावां माज्या तोंडानं वाचलेली. दीड महिना खतिजाखाला माजा हात धरून म्हनत होती, पोरी, पोचवलास. दर येळेला मी मान हलवली. मना ता सोसवत नव्हतां."

तिने पाणी आणून दिलं, परकार ते प्यायले. नव्या यादीचं पान टेबलावर होतं. त्यावर एकूण चव्वेचाळीस नावं झाली होती. थोड्या वेळाने, जुन्या सवयीने, त्यांनी ते लाल रेघांचं पुस्तक पुढे ओढलं आणि पान एकसष्ट उघडलं. "हे पाहा," ते घसा साफ करून म्हणाले, "इथून तळ्याकडे रस्ता असा वळतो."

"तां मिटवा," नूरबानू म्हणाली. "तिथं मानसां ऱ्हातात. मी त्यांना इचारीन."

परकारांनी पुस्तक मिटलं. मग यादी आपल्याकडे घेतली आणि विचारलं, की या खेपेला नावं आपण वाचली तर चालेल का.